मोबाइल फोनचे सिम लॉक आणि अनलॉकिंग

सिम लॉक म्हणजे मोबाइल फोन एका विशिष्ट दूरसंचार कंपनीच्याच सिमकार्डावर चालावा यासाठी त्याच्या आज्ञावलीत घातलेले तांत्रिक बंधन होय. हे बंधन काढून टाकण्याच्या क्रियेस अनलॉक करणे किंवा अनलॉकिंग असे म्हणतात. बंधन असलेल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घातल्यास फोन सुरू होतो, पण त्यावरून संभाषण, लघुसंदेश व मोबाइल इंटरनेट यांपैकी काहीही करता येत नाही. पडद्यावर सिम मान्य नसल्याचा संदेश येतो किंवा अनलॉक संकेतांक मागितला जातो. वाय-फायवरील वापर मात्र बहुधा चालू राहतो.

फोन केव्हा, कोणाला आणि कोणत्या अटींवर अनलॉक करून द्यायचा, याविषयीच्या कंपन्यांच्या नियमांना अनलॉकिंग धोरण म्हणतात. ही धोरणे देशोदेशी वेगळी आहेत. ब्रिटन, कॅनडा व जपान या देशांत बंधन घातलेले फोन विकण्यास नियामकांनी मनाई केली आहे. अमेरिकेत ते सर्रास विकले जातात आणि तेथील नियम कंपनीगणिक बदलतात. भारतात मोबाइल फोन प्रामुख्याने खुल्या बाजारात विकले जात असल्याने ही पद्धत काही ठळक अपवाद वगळता रुजली नाही.

कार्यपद्धती

प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख पटवणारा आयएमएसआय नावाचा क्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि त्यापुढील दोन किंवा तीन अंक दूरसंचार जाळ्याचे निदर्शक असतात. भारतासाठी ४०४ व ४०५ हे देशसंकेतांक वापरले जातात, तर अमेरिकेसाठी ३१० पासून पुढचे काही. फोन सुरू होताना त्यातील आज्ञावली हा क्रमांक वाचते आणि आपल्याजवळच्या मान्य जाळ्यांच्या यादीशी ताडून पाहते. क्रमांक यादीत बसला नाही तर फोन जाळ्याशी जोडण्याचे नाकारतो. यंत्राच्या दृष्टीने सारे बंधन एवढेच असते. फोनचा रेडिओ, अँटेना वा प्रोसेसर यांत कोणताही फरक नसतो.

जीएसएम प्रणालीच्या तांत्रिक मानकांतच या सोयीची तरतूद होती. मानकात तिला ‘पर्सनलायझेशन’ असे नाव असून बंधनाचे अनेक स्तर सांगितलेले आहेत: संपूर्ण जाळे, जाळ्याचा एखादा उपविभाग, सेवा देणारी कंपनी, एखादी संस्था, आणि अगदी एकच ठरावीक सिमकार्ड. प्रत्यक्षात सर्वाधिक वापर पहिल्या प्रकाराचा झाला.

जुन्या फोनमध्ये बंधन काढण्यासाठी कळफलकावरून एक संकेतांक भरावा लागे. तो फोनच्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकाशी निगडित असे. नोकियाच्या काही जुन्या फोनांचा संकेतांक आयएमईआय व कंपनीचे नाव यांवरून गणिती रीतीने काढता येत असे. ती रीत फुटल्यानंतर असे संकेतांक काढून देणाऱ्या आज्ञावल्या इंटरनेटवर फुकट मिळू लागल्या. चुकीचा संकेतांक ठरावीक वेळा भरल्यास फोन पुढील प्रयत्न स्वीकारीत नसे. पुढे उत्पादकांनी संकेतांक यादृच्छिक पद्धतीने तयार करून त्यांची नोंद स्वतःकडे ठेवण्यास सुरुवात केली. आयफोनच्या बाबतीत संकेतांकच नसतो. फोन कोणत्या कंपनीला बांधलेला आहे याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते; कंपनीने ॲपलला कळवले की ती नोंद बदलते आणि फोन पुढच्या वेळी सक्रिय होताना मोकळा होतो. त्यामुळे किल्ली ग्राहकाच्या हातात कधी येतच नाही.

सिम लॉकची इतर बंधनांशी गल्लत केली जाते. पडद्यावरील पासवर्ड, चोरीनंतर फोन निरुपयोगी करणारे ॲपल किंवा गूगल खात्याचे बंधन, बूटलोडरचे बंधन आणि चोरीच्या फोनांच्या काळ्या यादीत आयएमईआय जाणे, या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. काळ्या यादीतील फोन अनलॉक केला तरी यादी मानणाऱ्या जाळ्यांवर तो चालत नाही. अलीकडे कर्जाचे हप्ते थकल्यास फोन दूरूनच बंद करणारी ॲपही वापरात आली आहेत. तीही सिम लॉक नव्हेत, मात्र त्यांच्यामागचा विचार बराचसा तोच आहे.

उद्देश

बंधनाच्या समर्थनार्थ कंपन्या प्रामुख्याने दोन कारणे देतात. पहिले कारण सवलतीचे. महागडा फोन ग्राहकाला कमी किमतीत देऊन ती तूट पुढील महिन्यांच्या बिलांतून भरून काढायची, असा हा व्यवहार असतो. ग्राहकाने स्वस्तात फोन घेऊन दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याचे सिमकार्ड घातले तर ती तूट कंपनीच्या अंगावर पडते. दुसरे कारण गैरव्यवहाराचे. खोट्या ओळखीवर किंवा घाऊक प्रमाणात सवलतीचे फोन विकत घेऊन ते परदेशांत पूर्ण किमतीला विकणाऱ्या टोळ्या अस्तित्वात आहेत. अमेरिकेतील ट्रॅकफोन या प्रीपेड कंपनीने अशा व्यापाऱ्यांविरुद्ध अनेक दावे लावले. बंधन घातलेल्या फोनला परदेशात गिऱ्हाईक नसते, म्हणून चोरीही कमी होते, असा हा युक्तिवाद आहे.

पहिल्या कारणाला एक सरळ आक्षेप आहे. पोस्टपेड ग्राहकाने हप्त्यांच्या करारावर सही केलेली असते. तो कंपनी सोडून गेला तरी उरलेली रक्कम त्याला द्यावीच लागते, न दिल्यास वसुली होते आणि त्याची पत घसरते. म्हणजे कर्जाला करार हे तारण आधीच असते. बंधन हे वरचे दुसरे तारण ठरते. शिवाय जेथे सवलत दिलीच नव्हती तेथेही बंधन घातल्याची उदाहरणे आहेत. पहिला आयफोन २००७ मध्ये अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलरना विकला गेला. ही किंमत नेहमीच्या अर्थाने सवलतीची नव्हती, तरीही ग्राहकाला एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागे आणि फोन तिच्याच जाळ्याला बांधलेला असे.

त्यामुळे स्पर्धा नियामकांनी बंधनाकडे तिसऱ्याच बाजूने पाहिले आहे. आपला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय अमेरिकेत नोव्हेंबर २००३ मध्ये आणि भारतभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली. या सोयीमुळे क्रमांक मोकळा झाला. पण क्रमांक मोकळा आणि फोन बांधलेला असेल, तर कंपनी बदलू इच्छिणाऱ्याला नवा फोन घेण्याचा खर्च सोसावा लागतो आणि क्रमांकाच्या स्वातंत्र्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

अमेरिकेतील घडामोडी

पार्श्वभूमी

दूरध्वनीच्या जाळ्याला ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडावे की नाही, हा वाद अमेरिकेत मोबाइलपेक्षा जुना आहे. १९६८ मधील ‘कार्टरफोन’ निर्णयात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या नियामक आयोगाने जाळ्याला अपाय न करणारी बाहेरची उपकरणे जोडण्याचा हक्क मान्य केला. तोवर दूरध्वनी यंत्रही कंपनीच्याच मालकीचे असे. मोबाइल सेवांना मात्र हे तत्त्व सरसकट लागू झाले नाही.

पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी विक्रीस आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील १७ वर्षांच्या जॉर्ज हॉट्झ याने त्यावरील बंधन तोडून दाखवले. त्यासाठी त्याला फोन उघडून सर्किटवर डाग द्यावा लागला होता. अनलॉक केलेल्या एका आयफोनच्या बदल्यात त्याला एक निस्सान मोटार आणि तीन नवे आयफोन मिळाले. या प्रसिद्धीमुळे तोवर तंत्रज्ञांपुरता असलेला विषय सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला.

स्वामित्वहक्क कायदा आणि २०१४ चा कायदा

फोनचे बंधन काढणे हा गुन्हा ठरू शकतो की काय, हा प्रश्न अमेरिकेत अनपेक्षित दिशेने आला. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम १२०१ नुसार स्वामित्वहक्क असलेल्या कृतीचे रक्षण करणारे डिजिटल कुलूप तोडण्यास मनाई आहे. कायदा करताना चित्रपट व संगीत यांची चोरी डोळ्यांसमोर होती. पण फोनमधील आज्ञावली हीदेखील स्वामित्वहक्क असलेली कृती असल्याने सिम लॉकही या कलमाच्या कक्षेत येते, असा अर्थ लावता येत होता. व्यापारी लाभासाठी जाणूनबुजून कलमाचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५ लाख डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे.

याच कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखास दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर करण्याचा अधिकार दिला आहे. २००६ मध्ये फोन अनलॉक करण्यास असा अपवाद मिळाला आणि २०१० मध्ये तो पुढे चालू राहिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र अनलॉक केलेले फोन बाजारात सहज मिळतात व कंपन्यांची धोरणेही सैल झाली आहेत, अशा कारणांवरून अपवाद नव्या फोनांसाठी संपवण्यात आला. २६ जानेवारी २०१३ नंतर विकत घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीवाचून अनलॉक करणे बेकायदा ठरू शकत होते. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या वस्तूचे काय करायचे हे ग्रंथपालाच्या निर्णयावर अवलंबून राहावे, ही स्थिती अनेकांना चमत्कारिक वाटली.

सीना खनीफर या उद्योजकाने या निर्णयाविरुद्ध व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर सुरू केलेल्या याचिकेवर १ लाख १४ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. मार्च २०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने याचिकेच्या बाजूने उत्तर दिले. डिसेंबर २०१३ मध्ये नियामक आयोगाच्या आग्रहावरून मोठ्या कंपन्यांनी आपल्या संघटनेमार्फत स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली: धोरण जाहीर करावे, हप्ते फिटलेला पोस्टपेड फोन मागणीवरून अनलॉक करावा, प्रीपेड फोनसाठी जास्तीत जास्त एक वर्ष लावावे, पात्रतेची सूचना ग्राहकाला द्यावी, विनंतीवर दोन कामकाजी दिवसांत कार्यवाही करावी आणि परदेशी तैनात सैनिकांचे फोन अनलॉक करून द्यावेत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने २०१० चा अपवाद पुन्हा लागू केला आणि फोनचा मालक किंवा त्याने सांगितलेली दुसरी व्यक्ती फोन अनलॉक करू शकते हे स्पष्ट केले. नंतरच्या त्रैवार्षिक फेऱ्यांत हा अपवाद टॅब्लेट व अंगावर वापरायच्या उपकरणांपर्यंत वाढला.

या कायद्याचा अर्थ वृत्तपत्रांत अनेकदा ‘फोन अनलॉक करून मिळण्याचा हक्क’ असा दिला जातो. तो बरोबर नाही. कायद्याने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. कुलूप लावणाऱ्यावर किल्ली देण्याची सक्ती केली नाही. जुन्या फोनांच्या काळात हा फरक फारसा जाणवला नसता, कारण कोपऱ्यावरचा दुकानदारही संकेतांक काढून देई. पण ज्या फोनची नोंद उत्पादकाच्या सर्व्हरवर आहे तो कंपनीच्या संमतीविना अनलॉक करणे जवळपास अशक्य असल्याने ग्राहकाच्या दृष्टीने कायद्यापेक्षा कंपनीचे धोरण अधिक निर्णायक ठरले.

व्हेरायझन आणि सी ब्लॉक

अमेरिकेत कायदेशीर सक्ती असलेले अनलॉकिंग प्रामुख्याने एकाच कंपनीच्या वाट्याला आले, आणि तेही एका लिलावामुळे. २००८ मध्ये एफसीसीने ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ध्वनिलहरींचा लिलाव केला. त्यातील ‘सी ब्लॉक’ या भागाला, बोली ४६० कोटी डॉलरच्या राखीव किमतीपर्यंत गेल्यास, खुलेपणाची अट लागू होणार होती: परवानाधारकाने ग्राहकाच्या पसंतीच्या उपकरणांना आडकाठी करू नये आणि आपण पुरवलेल्या फोनवर असे बंधन घालू नये. या अटीसाठी गूगलने जोर लावला होता, आणि राखीव किंमत गाठली जाईपर्यंत गूगलने बोलीही लावली. शेवटी देशव्यापी सी ब्लॉक व्हेरायझनने मिळवला.

परिणामी पुढील दशकभर व्हेरायझनचे ४जी फोन विकत घेतानाच अनलॉक केलेले असत. एखाद्या ग्राहकहिताच्या कायद्याने नव्हे, तर सरकारी मालमत्ता विकताना घातलेल्या अटीने हे घडले, ही बाब स्पर्धा धोरणाच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. २०१८ मध्ये दुकानांतून व वाहतुकीत होणाऱ्या चोऱ्यांचे कारण देऊन व्हेरायझनने फोन बंधनासह पाठवण्यास सुरुवात केली. २०१९ मध्ये आयोगाने तिला ६० दिवस बंधन ठेवण्याची मुभा दिली. मुदत संपताच फोन आपोआप मोकळा झाला पाहिजे, मग हप्ते बाकी असोत वा नसोत. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हेरायझनने ट्रॅकफोन विकत घेतली तेव्हा हीच ६० दिवसांची अट तिच्या प्रीपेड ग्राहकांनाही लागू करण्यात आली. २०२५ मध्ये व्हेरायझनने गैरव्यवहाराचे व स्पर्धकांवर अशी अट नसल्याचे कारण पुढे करून या अटीतून सुटका मिळावी अशी मागणी आयोगाकडे केली.

कंपन्यांची धोरणे

२०२४ च्या सुमारास तीन मोठ्या कंपन्यांची धोरणे पुढीलप्रमाणे होती. व्हेरायझनचा फोन ६० दिवसांनी विनंतीशिवाय मोकळा होई. एटी अँड टी पोस्टपेड फोन तिच्या जाळ्यावर किमान ६० दिवस सक्रिय राहिल्यावर आणि त्याचे सर्व हप्ते फिटल्यावर, मागणी केल्यास अनलॉक करून देई. प्रीपेड फोनसाठी ही मुदत सहा महिन्यांची होती. टी-मोबाइलची पोस्टपेड मुदत ४० दिवसांची होती, पण तेथेही हप्ते पूर्ण फिटलेले असणे आवश्यक होते; तिच्या प्रीपेड ग्राहकाला ३६५ दिवस थांबावे लागे. फोन हरवल्याची वा चोरीची तक्रार नसावी, ही अट सर्वत्र समान होती.

या आकड्यांची तुलना करताना दिवसांपेक्षा हप्त्यांची अट महत्त्वाची ठरते. ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर फोन घेतलेल्या ग्राहकासाठी ४० दिवसांची मुदत नाममात्र असते. उरलेली रक्कम एकरकमी भरून तो फोन मोकळा करू शकतो. मात्र अनेक योजनांत किमतीवरील सूट दर महिन्याच्या बिलात थोडीथोडी जमा होत असल्याने लवकर रक्कम भरल्यास उरलेली सूट बुडते.

प्रीपेड ग्राहकाची स्थिती आणखी निराळी आहे. त्याने फोनची किंमत बहुधा आधीच रोख दिलेली असते, त्याच्यावर कर्ज नसते आणि करारही नसतो. तरीही एटी अँड टी व टी-मोबाइल या दोन्ही कंपन्यांत सर्वांत दीर्घ प्रतीक्षा त्याच्याच वाट्याला येते. कंपनीच्या बाजूने याचे स्पष्टीकरण असे की करार नसल्यामुळेच स्वस्तात दिलेल्या फोनची भरपाई होण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. पण प्रीपेड सेवा घेणाऱ्यांत अल्प उत्पन्नाचे, पत नसलेले आणि नव्याने देशात आलेले लोक अधिक असतात. स्वस्त सेवा सापडल्यास लगेच कंपनी बदलण्याची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांचाच फोन सर्वाधिक काळ बांधलेला राहतो. ट्रॅकफोनने तर आपले फोन अनलॉकच होणार नाहीत अशा रीतीने विकले होते, आणि अल्प उत्पन्न गटासाठीच्या ‘लाइफलाइन’ या सरकारी अनुदान योजनेचा लाभ घेताना अनलॉकिंगचे बंधनकारक आश्वासनही पाळले नव्हते. २०१५ मध्ये आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार तिला पात्र ग्राहकांना अनलॉक होऊ शकणारे फोन बदलून देणे वा मोबदला देणे भाग पडले. सुमारे ८० लाख ग्राहकांना त्याचा लाभ होऊ शकेल, असे आयोगाने तेव्हा सांगितले होते.

जुलै २०२४ मध्ये एफसीसीने सर्व कंपन्यांसाठी ६० दिवसांचा एकच नियम असावा असा प्रस्ताव मांडला. टी-मोबाइल व एटी अँड टी यांनी त्यास विरोध केला. असा नियम झाल्यास आपल्या प्रीपेड फोनांवरील सवलत ४० ते ७० टक्क्यांनी कमी करावी लागेल, असे टी-मोबाइलने आयोगाला कळवले. दावा कंपनीचा असला तरी त्यातील पेच खरा आहे: स्वस्त पण बांधलेला फोन आणि महाग पण मोकळा फोन यांपैकी गरीब ग्राहकाच्या हिताचे काय, याचे उत्तर तो किती वेळा कंपनी बदलू इच्छितो यावर ठरते.

इतर देश

कॅनडातील कंपन्या अनलॉकिंगसाठी वेगळे शुल्क आकारीत. ते साधारणपणे ५० कॅनेडियन डॉलर असे. २०१६ या एका वर्षात या शुल्कातून कंपन्यांना ३ कोटी ७७ लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. हा आकडा बाहेर आल्यावर बंधन हे सवलतीचे रक्षण आहे की उत्पन्नाचे साधन, असा सवाल विचारला गेला. जून २०१७ मध्ये तेथील नियामकाने निर्णय देऊन १ डिसेंबर २०१७ पासून सर्व नवे फोन अनलॉक स्थितीतच विकण्याचा आणि जुने फोन विनामूल्य अनलॉक करून देण्याचा आदेश दिला.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने केलेल्या पाहणीत, कंपनी न बदलण्याचे ठरवलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना फोन अनलॉक करून घेण्याच्या गरजेने परावृत्त केल्याचे आढळले. अनलॉक करू पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना अडचणी आल्या होत्या: संकेतांक मिळण्यास विलंब, चालू नसलेला संकेतांक, किंवा बंधन आहे हेच ठाऊक नसल्याने जुनी सेवा बंद होऊन नवीही सुरू न होणे. शुल्क अवघे १० पौंडांच्या आसपास होते; अडथळा पैशापेक्षा खटपटीचा होता. त्या वेळी ओ२, थ्री, स्काय व व्हर्जिन या कंपन्या अनलॉक केलेलेच फोन विकत होत्या, त्यामुळे बंधनाशिवाय धंदा चालत नाही हा युक्तिवाद तेथे टिकण्यासारखा नव्हता. १७ डिसेंबर २०२१ पासून बंधन घातलेले फोन विकण्यास मनाई झाली.

जपानमध्ये २०१५ पासून कंपन्यांवर मागणीनुसार अनलॉक करून देण्याची जबाबदारी आली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनांवर सिम लॉक घालणे तत्त्वतः बंद झाले.

जर्मनीत २००७ च्या अखेरीस एक अल्पायुषी पण बोलका प्रसंग घडला. व्होडाफोनच्या अर्जावरून हॅम्बर्गच्या न्यायालयाने टी-मोबाइलला आयफोन केवळ दोन वर्षांच्या करारासह व बंधनासह विकण्यास तात्पुरती मनाई केली. टी-मोबाइलने तोच फोन, जो करारासह ३९९ युरोंना मिळे, कराराविना ९९९ युरोंना विकावयास काढला. काही दिवसांत मनाईहुकूम उठला आणि ही विक्री थांबली.

भारत

भारतात जीएसएम सेवा वाढली ती प्रीपेड सिमकार्डांच्या जोरावर. फोन दुकानातून पूर्ण किमतीला घ्यायचा आणि सिमकार्ड वेगळे घ्यायचे, ही रीत रुळली. पुढे दोन सिमकार्डांचे फोन सर्वत्र झाल्यावर तर एका कंपनीला फोन बांधण्याची कल्पनाच व्यवहारात निरर्थक ठरली.

अपवादांत पहिला आणि सर्वांत मोठा सीडीएमए तंत्राचा होता. रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’ योजनेखाली ५०१ रुपये भरून फोन देऊ केला आणि मोबाइल प्रथमच फार मोठ्या वर्गाच्या आवाक्यात आला. या फोनमध्ये सुटे सिमकार्ड नव्हते. ग्राहकाचा क्रमांक फोनमध्येच नोंदवलेला असे. कंपनी सोडायची म्हणजे फोनही सोडायचा. महाराष्ट्रातील अनेक घरांतला पहिला मोबाइल हाच होता, आणि जीएसएम सेवेकडे वळताना तो अडगळीत गेला.

दुसरा अपवाद आयफोनचा. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल व व्होडाफोन यांनी आयफोन ३जी भारतात विक्रीस आणला. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळत होता. भारतीय ग्राहकाला अशी कोणतीही सवलत नव्हती, तरी फोन विकणाऱ्या कंपनीच्या जाळ्याला बांधलेला होता. अमेरिकेतून आणून अनलॉक केलेले आयफोन अधिकृत विक्रीच्या आधीपासूनच मोठ्या शहरांच्या बाजारांत मिळत असल्याने या विक्रीकडे ग्राहकांनी थंडपणे पाहिले.

जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन हा तिसरा. १,५०० रुपये परतफेडीच्या अनामत रकमेवर दिलेला हा ४जी फोन फक्त जिओच्या जाळ्यावर चालत असे. येथे सवलत खरी होती आणि बंधनाची अट उघड होती, त्यामुळे त्याविषयी फारसा वाद झाला नाही.

बंधनाशी भारतीयांचा आजचा संबंध बहुधा परदेशातून आणलेल्या फोनमुळे येतो. अमेरिकेत शिकणारे वा नोकरी करणारे लोक सुट्टीत येताना नातेवाइकांसाठी फोन आणतात. हप्त्यांवर किंवा प्रीपेड योजनेत घेतलेला असा फोन येथे सिम स्वीकारत नाही, आणि तो अनलॉक करण्याचा अधिकार मूळ कंपनीकडेच असल्याने स्थानिक दुरुस्ती दुकानांचा उपयोग होत नाही. आयफोनवर हे तपासणे सोपे आहे: सेटिंग्जमधील ‘जनरल’ व त्याखालील ‘अबाउट’ या विभागात ‘कॅरिअर लॉक’ या नोंदीसमोर सिमविषयी कोणतेही निर्बंध नसल्याचे लिहिलेले असेल तर फोन मोकळा असतो. अँड्रॉइड फोनवर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घालून पाहणे हीच खात्रीची रीत होय.

मर्यादा

अनलॉक केलेला फोन कोणत्याही जाळ्यावर चालतोच असे नाही. ध्वनिलहरींचे पट्टे देशोदेशी वेगळे असून फोनच्या रेडिओत जे पट्टे नाहीत ते अनलॉकिंगने येत नाहीत. ४जी जाळ्यावरून संभाषण करण्यासाठी लागणाऱ्या व्होल्टे सुविधेने आणखी एक अडसर निर्माण केला. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली तेव्हा तिच्या मान्य यादीत नसलेले कित्येक अनलॉक केलेले फोन, त्यांत ४जीची क्षमता असूनही, संभाषणासाठी निरुपयोगी झाले. या यादीला कोणीही सिम लॉक म्हणत नाही आणि अनलॉकिंगविषयीचे नियम तिला लागू होत नाहीत.

ई-सिममुळेही बंधन संपलेले नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ पासून विकल्या गेलेल्या आयफोन १४ मालिकेत सिमकार्डाची खाचच नाही. कंपनी बदलण्यासाठी केवळ नवे ई-सिम उतरवून घ्यायचे असते. फोन बांधलेला असेल तर दुसऱ्या कंपनीचे ई-सिमही सुरू होत नाही. ज्या काही देशांत किंवा कंपन्यांत ई-सिमची सोय नाही तेथे असा फोन अनलॉक केलेला असूनही स्थानिक सिमकार्ड घेऊ शकत नाही.